थोड्या वेळाने या

थोरलीने हातातली पिशवी ओट्यावर ठेवली नाही, आपटली. आतले दोन बटाटे घरंगळत फ्रिजखाली गेले. ते उचलायला ना ती वाकली, ना धाकटी.

"तूच लिहून दिलंस ना गं?" थोरली म्हणाली. "वॉर्डातल्या मैत्रिणीने आत्ता फोटो पाठवला त्या कागदाचा. 'सदर पत्त्यावरून आलेल्या मेलची कोणतीही नोंद आढळली नाही.' आणि खाली तुझी सही. सदर पत्ता म्हणे! सदर पत्ता म्हणजे मी. तुझी जाऊ. एका कुकरमधला भात खातो आपण."

धाकटी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिने तिसऱ्यांदा झटकला. "वहिनी, मी दोनदा बघितलं. घरचं माणूस आहे म्हणून उलट जास्तच बारकाईने बघितलं. नव्हती नोंद. नसलेली नोंद मी कुठून आणू?"

"म्हणजे मी खोटारडी."

"असं कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस! सहीनिशी म्हणालीस!"

आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही, बाबा!" दोघी एका दमात ओरडल्या. सासऱ्यांना मुळात कमी ऐकू यायचं, आणि जावांचं वाजायला लागलं की ते कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. शहाणा माणूस. त्यांची दोन्ही मुलं कामानिमित्त परगावी असायची, त्यामुळे मध्ये पडायलाही घरात दुसरं कोणी नव्हतं.

भांडण कशावरून, ते आधी सांगायला हवं. दोघी जावा एकाच रुग्णालयात कामाला. थोरली दुसऱ्या मजल्यावर मुलांच्या वॉर्डाची सिस्टर, धाकटी तळमजल्यावर संगणक विभागात. रुग्णालयाला येणारी आणि तिथून जाणारी प्रत्येक मेल ज्या सर्व्हरमधून जाते, तो सर्व्हर धाकटीच्या ताब्यात. गेल्या मंगळवारी दुपारी मुलांच्या वॉर्डातला औषधांचा फ्रिज गार करेनासा झाला. आत थंड ठेवायची इंजेक्शनं होती. थोरलीने औषधभांडाराला फोन केला, तर भांडारपाल म्हणाला, "तोंडी काही सांगू नका, सिस्टर. मेल टाका. मेल आली की माणूस पाठवतो." वॉर्डातला संगणक दुरुस्तीला गेलेला. म्हणून थोरलीने स्वतःच्या फोनवरून, फोन कंपनीने दिलेल्या मेलच्या पत्त्यावरून मेल टाकली. भांडारपालाच्या लेखी परवानगीशिवाय औषधं वॉर्डाबाहेर हलवायची नाहीत, असा नियम. तिने उपाहारगृहातून बर्फ मागवला, डब्यांभोवती रचला आणि वाट बघत बसली. माणूस आला नाही. सकाळपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि औषधांची माती. एका मुलाचं इंजेक्शन चुकलं. बाहेरून दुसरं मिळवेपर्यंत त्याचा ताप इतका चढला, की त्याच्या आईने वॉर्डाच्या दारात बसून टाहो फोडला.

भांडारपाल म्हणाला, मला मेल आलीच नाही, आणि फोन तर नाहीच नाही. थोरलीला वॉर्डात यायची बंदी झाली. सोमवारी सकाळी चौकशी होती, आणि निष्काळजीपणा ठरला तर सिस्टरची टोपी कायमची उतरणार होती. चौकशीसाठी अधीक्षकांनी संगणक विभागाला एकच प्रश्न विचारला होता, की ही मेल आली होती का? त्याचं उत्तर धाकटीने लिहून दिलं होतं.

आणि आज रविवार होता.

"हे बघ," थोरलीने फोन तिच्या नाकासमोर धरला. "इथे काय लिहिलंय? पाठवली. मंगळवार, दुपार. दिसतंय ना? का माझ्या फोनलाही खोटं बोलायची सवय लागली?"

"पाठवली म्हणजे पोचली असं नसतं, वहिनी. पत्ता चुकतो, कधी कंपनीच गिळून टाकते."

"पत्ता तोच आहे. तूच लावून दिला होतास भिंतीवर, सगळ्या वॉर्डात. आणि गिळली म्हणतेस, तर मग हे लोक मला पत्र कशाला पाठवतात? त्याच संध्याकाळी जाहिरात टाकलीय एक. लांबलचक, सगळी इंग्रजीत."

"कसली जाहिरात?"

"मला काय माहीत! उघडली नाही मी. इथे माझं घर जळतंय आणि मी जाहिराती वाचू?"

धाकटीने टॉवेल टाकला आणि फोन हातातून जवळजवळ हिसकावला. ती जाहिरात नव्हती. फोन कंपनीच्या मेल यंत्राने आपल्या गिऱ्हाइकाला पाठवलेली सूचना होती, आणि तिचा मराठीतला मतलब एवढाच होता: तुमची मेल अजून पोचलेली नाही. समोरचा सर्व्हर सांगतो, थोड्या वेळाने या. आम्ही पुन्हा जात राहू.

धाकटीने ते दोनदा वाचलं. मग ती कपड्यांच्या ढिगावरच बसली.

"काय झालं?" थोरलीने विचारलं. "बोल की आता. मघापासून टकळी चालू होती."

"समोरचा सर्व्हर म्हणजे माझा," धाकटी म्हणाली.

समोरच्याने 'थोड्या वेळाने या' म्हटलं असेल, तर ते त्याने आपल्या लॉगमध्ये लिहिलेलं असणारच. सर्व्हर काहीही करो, दार उघडो, बंद करो, कुणाला हाकलो, तो प्रत्येक गोष्टीची एक ओळ लिहून ठेवतो. माणसासारखा तो विसरत नाही. आणि धाकटीने तर सही करून सांगितलं होतं की एकही ओळ नाही.

"वहिनी, मी ज्यात बघितलं तो गाळलेला लॉग होता."

"म्हणजे?"

आता ही गोष्ट थोरलीला जशी सांगितली गेली तशीच सांगतो, कारण सोपी करून सांगितल्याशिवाय ती तिला कळणार नव्हती, आणि कळल्याशिवाय ती धाकटीला सोडणार नव्हती.

एक मोठं घर आहे. दारावर दारवान आहे. दिवसभर दारावर लोक येतात. त्यांतले दहातले नऊ भामटे. हा दारवान हुशार आहे. नवीन तोंड दिसलं की तो म्हणतो, "थोड्या वेळाने या." भामट्याला वेळ कुठे? तो पुढच्या घराकडे पळतो, परत येत नाही. ज्याचं खरंच काम आहे तो मात्र थांबतो, परत येतो. तेव्हा दारवान म्हणतो, "अरे, हा मघाचाच. जाऊ दे आत." युक्ती चांगली आहे, खोट काढायला जागा नाही.

पण दारवानाला रोजनिशी लिहायची सवय. ज्याला ज्याला 'थोड्या वेळाने या' म्हटलं त्याची एक ओळ. दिवसाला हजारो. रोज सकाळी धाकटी लॉग उघडायची आणि या भामट्यांच्या ओळींचा नुसता धबधबा कोसळायचा. कामाची ओळ शोधायची म्हणजे वाळूत मोहरी. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर तिचे विभागप्रमुख. त्यांना विभागात सगळे शून्यसाहेब म्हणायचे, कारण रोजच्या अहवालातल्या तक्रारी, अडचणी, त्रुटी या रकान्यांत शून्य दिसलं की त्यांचा चेहरा उजळायचा. ते म्हणायचे, "मॅडम, ही घाण कशाला दाखवता? वर पाठवायचाय हा अहवाल. नजर ठरत नाही."

तेव्हा एके दिवशी, रागाच्या भरात, धाकटीने एक पॅटर्न लिहिला. पॅटर्न म्हणजे यंत्राला दिलेला नमुना: अशा दिसणाऱ्या ओळी दिसल्या की वगळ. भामट्यांची यंत्रं ओळखून तेवढ्याच ओळी वगळायला नेमका, घट्ट पॅटर्न लिहावा लागतो, त्याला वेळ लागतो. तिने सैल लिहिला. ज्या ओळीत 'थोड्या वेळाने या' असेल ती प्रत्येक ओळ वगळ. संपलं. दुसऱ्या दिवशी अहवाल एका पानात आला. शून्यसाहेब म्हणाले, "वा!" अहवालाच्या तळाला यंत्र आपणहून लिहायचं, किती ओळी वगळल्या. तो आकडा बघून साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "हा एवढा मोठा आकडा कशाला? कोणी विचारलं तर?" म्हणून धाकटीने तीही ओळ काढून टाकली. त्यानंतर गाळलेला लॉग हाच लॉग झाला. मागे सगळ्या ओळींचा कच्चा लॉगही असतो, हे हळूहळू तीही विसरली.

थोरलीने सगळं शांतपणे ऐकलं, आणि तिचं शांतपणे ऐकणं फार वाईट असायचं.

"म्हणजे चाळणीत जे उरलं त्यात तू मला शोधलंस," ती म्हणाली. "खाली काय पडलं ते बघितलंच नाहीस."

"हो."

"आणि मी? मी सांगत होते ते? बुधवारपासून या घरात मी ओरडून सांगतेय की मी मेल पाठवली. त्याला चाळणीइतकीही किंमत नाही?"

चूक आपली, हे धाकटीला कळत होतं. म्हणून ती चिडली. माणसाचं असंच असतं. "मग आता काय करू? पाया पडू? स्कूटरची किल्ली द्या, मी जाते. कच्चा लॉग आठवडाभर राहतो, मग पुसला जातो. मंगळवारचा अजून असेल."

"एकटी नाही जायचं," थोरली म्हणाली. "तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही आता."

स्कूटर धाकटीने चालवली. मागे थोरली वाऱ्याला भांडत होती. "दोनदा बघितलं म्हणे! एकाच जागी दोनदा बघितलं की काय दोन जागा होतात?... अगं, लाल आहे, थांब!... नाकाने कांदे सोलणारी तू, भाऊजींनी भाजीत मीठ जास्त म्हटलं तर स्वतः चाखून बघतेस, आणि इथे..." सिग्नलला शेजारचा रिक्षावाला कौतुकाने ऐकत होता. "काय बघता?" थोरली त्याच्यावरही ओरडली. हिरवा दिवा लागला म्हणून तो वाचला.

रविवारी रुग्णालयाचा तळमजला रिकामा असतो. सर्व्हरची खोली छोटी, थंड, पंख्यांच्या घरघरीने भरलेली. धाकटीने खुर्ची ओढली, थोरली मागे उभी राहिली, हाताची घडी घालून, वॉर्डात नवशिक्या नर्सच्या मागे उभी राहायची तशी. धाकटीने मंगळवारपासूनचा कच्चा लॉग उघडला आणि थोरलीचा पत्ता शोधायला सांगितला.

पडद्यावर ओळी आल्या. एक नाही, बऱ्याच. मंगळवार दुपार, थोड्या वेळाने या. जरा वेळाने पुन्हा, थोड्या वेळाने या. संध्याकाळी, थोड्या वेळाने या. बुधवारी पहाटे. बुधवारी दुपारी. गुरुवारी. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच.

"हे काय?" थोरलीचा आवाज चिरकला. "एकदा 'नंतर या' म्हटलं, ठीक आहे. मी भामटी असेन, तुझा दारवान मला ओळखत नसेल. पण मी परत आले ना? पुन्हा पुन्हा आले. मग आत का नाही घेतलं?"

धाकटी ओळींच्या मधल्या आकड्यांवर बोट फिरवत होती. प्रत्येक यंत्राचा एक पत्ता असतो, आकड्यांचा. प्रत्येक ओळीत तो वेगळा होता. तिने हळूच शिवी दिली. थोरलीच्या समोर ती कधी शिवी द्यायची नाही.

"काय?"

"फोन कंपनीने काहीतरी बदललंय. तुमची मेल एकच, पण दर खेपेला ती घेऊन वेगळं यंत्र येतंय. आज एक पोस्टमन, उद्या दुसरा, परवा तिसरा. आणि आमचा दारवान चिठ्ठी बघत नाही, तोंड बघतो. प्रत्येक वेळी त्याला नवीन तोंड. प्रत्येक वेळी तो म्हणतो, थोड्या वेळाने या."

थोरली काही वेळ त्या ओळींकडे बघत राहिली.

"अगं, देवाच्या दारातसुद्धा हाक मारणाऱ्याला कोणी 'नंतर ये' म्हणत नाही गं," ती म्हणाली. "तिथे तर सगळेच भामटे जातात. आणि तुम्ही! पोरं तापाने फणफणलेली, फ्रिज मेलेला, आणि तुमचं यंत्र म्हणतं नंतर या! आणि ते कोणाला दिसू नये म्हणून त्याच्यावर झाकण!"

"झाकण मी घातलं," धाकटी म्हणाली. "बोला. माझ्यावरच बोला."

"बोलतेच आहे!"

मग धाकटीने आणखी एक गोष्ट केली. थोरलीचं नाव काढून तिने फक्त फोन कंपनीचे पत्ते मागितले. गेल्या आठवडाभरात अशाच फेऱ्या मारणारे आणखी कोण आहेत, ते बघायला. पडदा भरला. खाली सरकवला, पुन्हा भरला. कोणाची मेल रक्ताच्या तपासणीच्या विभागाला, कोणाची नोंदणी खिडकीला, कोणाची तक्रार थेट अधीक्षकांना. सगळ्यांना एकच उत्तर. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे ओलंच जास्त जळलं होतं.

दोघी घरी परतल्या तेव्हा रस्ताभर थोरली एक शब्द बोलली नाही. धाकटीला तेच जास्त लागलं.

सोमवारी सकाळी चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर थोरली बसली होती. वॉर्डाचा पांढरा गणवेश तिने मुद्दाम घातला होता. बंदी वॉर्डाची आहे, कपड्यांची नाही, असं ती दारावरच्या शिपायाला म्हणाली होती. धाकटी कागदांचा गठ्ठा घेऊन आली, तर वाटेत शून्यसाहेब.

"मॅडम, जरा इकडे." त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं. "हे काय घेऊन चाललाय?"

"कच्चा लॉग, साहेब. माझं पत्र चुकीचं होतं. मेल आली होती."

"आली नव्हती." साहेबांचा आवाज अगदी गोड. "आपल्या सर्व्हरने स्वीकारली का? नाही. जे स्वीकारलं नाही ते आलं नाही. तुमच्या पत्रात काय खोटं आहे? उगाच अधीक्षकांच्या डोक्याला ताप. त्यांना यातलं काय कळतं?"

"नोंद नाही असं लिहिलंय मी. नोंदी आहेत. ढीगभर आहेत."

"अहो, मग त्या ढिगात आपलाच विभाग गाडला जाईल! आणि तो पॅटर्न कोणी लिहिला? नाव कोणाचं आहे त्यावर?"

"माझं."

"मग? जाऊबाईंच्या मायेपोटी स्वतःच्या पायावर धोंडा? त्यांना काय, एखादा मेमो मिळेल, फार तर दुसऱ्या..."

"साहेब." धाकटीचा आवाज चढला तसा बाकावरच्या थोरलीने मान वर केली. "दारात माणूस उभा आहे. तुम्ही त्याला आत घेतलं नाही. म्हणून तो आलाच नाही? हे तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात? माया वगैरे काही नाही. त्या माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत. रात्री जेवल्यासुद्धा नाहीत माझ्या हातचं. पॅटर्न मी लिहिला, पण वगळलेल्या ओळींचा आकडा काढा हे कोणी सांगितलं? तो आकडा राहिला असता तर कुणीतरी कधीतरी विचारलं असतं, की एवढं काय फेकताय!"

"आवाज खाली. रुग्णालय आहे हे."

"मग रुग्णालयासारखं वागा!"

शिपायाने दार उघडून नाव पुकारलं, म्हणून ते तिथेच थांबलं.

आत लांब टेबल. एका टोकाला अधीक्षक, शेजारी भांडारपाल, समोर शून्यसाहेब. अधीक्षक थकलेले. त्यांनी गठ्ठा पुढे ओढला, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, चष्मा काढला. "मॅडम, मला हे वाचता येत नाही, आणि वेळही नाही. एका वाक्यात सांगा. सिस्टरची मेल आली होती की नाही?"

"आली होती, साहेब. पुन्हा पुन्हा आली. आमच्या सर्व्हरने तिला दारातून परत पाठवलं आणि मी त्या नोंदी दिसणार नाहीत अशी व्यवस्था करून ठेवली होती. म्हणून मला त्या दिसल्या नाहीत. नोंद नाही हे माझं पत्र चूक आहे. सिस्टर खरं बोलत होत्या."

शून्यसाहेब घसा खाकरून म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या..."

"थांबा हो," अधीक्षक म्हणाले. त्यांनी भांडारपालाकडे बघितलं. "फोन?"

"साहेब, दिवसाला किती फोन..."

"म्हणजे आला होता."

भांडारपालाने टेबलाकडे बघितलं. "आला असेल. मी मेल टाका म्हटलं असेन. मी सगळ्यांनाच तसं म्हणतो."

मग अधीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. सिस्टरने आजपासून कामावर यावं. भांडारपालाने लेखी खुलासा द्यावा, संगणक विभागानेही. आणि पॅटर्न ज्यांनी लिहिला, त्यांनी मेल सर्व्हरचं काम आज संध्याकाळपर्यंत दुसऱ्याकडे सोपवावं. "चूक कबूल केलीत हे चांगलं," ते धाकटीला म्हणाले, "पण चूक लहान नव्हती."

"नव्हती," धाकटी म्हणाली.

"जाऊ शकता."

धाकटी उठली. थोरली उठली नाही.

"एवढंच?" थोरली म्हणाली.

"आणखी काय पाहिजे, सिस्टर? तुम्ही निर्दोष आहात."

"ते मला मंगळवारपासून माहीत होतं, साहेब. मला नवीन काही सांगा. मला वॉर्डाबाहेर काढलं तेव्हा सगळ्या मजल्याला सांगितलं होतं. आत घेताना सांगणार आहात का? त्या बाईला सांगणार आहात का, जिचा मुलगा तापला? ती मला बघून तोंड फिरवते. तिला वाटतं, मी बसून राहिले होते."

अधीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला काय वाटतं, कोणी सांगावं?"

"ज्यांनी दार लावलं त्यांनी," थोरली म्हणाली, आणि कोणाकडेही न बघता बाहेर पडली. तिच्या बुटांचा आवाज जिन्यावरून वर, वॉर्डाकडे गेला.

धाकटी आपल्या टेबलाशी येऊन बसली. संध्याकाळपर्यंतचा सर्व्हर तिचा होता. तिने पहिल्यांदा दारवानाला सांगितलं, या फोन कंपनीच्या सगळ्या यंत्रांना एकच तोंड समज. मग आपला तो सैल पॅटर्न पुसला. धबधबा पुन्हा कोसळायला लागला. भामटे, भामटे, भामटे, मध्येच एखादा माणूस. शून्यसाहेब मागून गेले, पडद्याकडे बघून थबकले, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

मग तिने कालच्या ढिगातले पत्ते काढले. परत पाठवलेल्या मेलमध्ये काय लिहिलं होतं ते तिला कळायला मार्ग नव्हता. चिठ्ठी आत आलीच नव्हती, फक्त कोणाची, कोणासाठी, एवढं दिसत होतं. एकेकाला ती लिहू लागली: आपली मेल आमच्या चुकीमुळे आम्ही स्वीकारली नाही. कृपया पुन्हा पाठवा. तातडीचं असल्यास या क्रमांकावर फोन करा. खाली तिने स्वतःचा क्रमांक दिला.

थोड्याच वेळात फोन वाजायला लागला. पहिल्याने विचारलं, तुम्ही झोपा काढता का? दुसरी बाई रडतच होती, तिचा रक्ताचा अहवाल अडला होता. तिसऱ्याने एक शब्दही न ऐकता शिव्या घातल्या आणि फोन ठेवला. धाकटी प्रत्येकाला "चूक आमची" म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी तिला राग येत होता. त्यांचा नाही. ज्या सकाळी तिने तो पॅटर्न लिहिला आणि वर स्वतःची पाठ थोपटली, त्या सकाळचा.

दुपारी पाळी संपल्यावर थोरली दारात उभी राहिली. गणवेशाच्या बाहीवर औषधाचा पिवळा डाग. आत आली, दुसरी खुर्ची ओढली, बसली.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये अजून," ती म्हणाली.

"माहीत आहे, वहिनी."

"सरक जरा. दिसत नाही मला." ती पडद्यावरचे पत्ते वाचायला लागली. ओठ हलत होते. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "हा तर माझ्या वॉर्डातला. त्या मुलाचा बाप. इंजेक्शन चुकलं त्याचा. बुधवारी याने कोणाला लिहिलं होतं?"

धाकटीने बघितलं. "अधीक्षकांना."

"पोचलं?"

"नाही."

पोरगा आता बरा होता, सकाळी उठून बसला होता, पण बापाने बुधवारी काय लिहिलं असेल ते दोघींनाही न वाचता कळत होतं. त्यालाही 'थोड्या वेळाने या' एवढंच उत्तर मिळालं असणार. आठवडाभर त्याला वाटत राहिलं असेल, की इथे माझं ऐकणारं कोणी नाही.

थोरलीने वॉर्डाच्या नोंदीतून त्याचा क्रमांक काढला आणि टेबलावरच्या फोनवरून लावला. पलीकडे घंटा वाजली. "नमस्कार. मी मुलांच्या वॉर्डातून सिस्टर बोलतेय," ती म्हणाली, आणि पलीकडून असा आवाज फुटला की धाकटीलाही शब्दन्‌शब्द ऐकू आला. थोरलीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. बोलणारा श्वास घ्यायला थांबला, तेव्हा ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. एक मिनिट हं. ज्यांच्याकडून झालं त्या इथेच बसल्यात."

आणि तिने रिसीव्हर धाकटीपुढे धरला.

धाकटीने तो घेतला. "हं, बोला," ती म्हणाली. "मी ऐकतेय. सगळं बोला."